न फाटणारा पडदा

लीलाबाई महाजनांनी बावीस वर्षं कापड पाहिलं. नेसायचं किंवा विकायचं नव्हे, नुसतं पाहायचं. बऱ्हाणपुरात लालबागच्या रस्त्याला एका शेठचं गोदाम होतं. तिथं काचेच्या तिरक्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावलेल्या असायच्या आणि टेबलावरून यंत्रमागाचं कोरं कापड सरकत जायचं. त्यात तुटलेला धागा दिसला, गाठ दिसली, आडवी पट्टी दिसली की लीलाबाई खडूनं खूण करायच्या. कापड थांबायचं नाही आणि त्यांची नजरही थांबायची नाही. मग शेठनं कॅमेऱ्याचं मशीन आणलं. ते आणलं याचं लीलाबाईंना वाईट वाटलं नव्हतं, जमाना बदलतोच. वाईट वाटलं ते शेठच्या शेवटच्या बोलण्याचं. हिशेब हातात देताना तो म्हणाला होता, "लीलाबाई, आता तुमच्या डोळ्यांनाही आराम पाहिजे. पहिल्यासारखं दिसत नसेल तुम्हाला."

दिसत होतं की! पण लीलाबाईंनी हिशेब पिशवीत घातला. घरी आल्या आणि त्यानंतर सुईत दोरा ओवतानासुद्धा त्यांना स्वतःचा संशय येऊ लागला.

घरात त्या, मुलगा ललित आणि सून रुपाली अशी तिघं. ललित केळीच्या व्यापाऱ्याकडे ऑफिसात होता. रुपाली एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि शाळा सुटली की घरी येऊन कॉम्प्युटरवर गाड्या पळवायची. रेसिंगचा गेम. सुरुवातीला लीलाबाईंना ते काही पटलं नव्हतं. लग्न झालेली बाई, शिकवणारी बाई, आणि कानाला हेडफोन लावून "अरे साइड दे ना, साइड!" असं ओरडते, हे काय? पण पोरीचा स्वभाव गोड होता, कामाला ती मागे हटत नव्हती, आणि मुख्य म्हणजे कूलर तिच्याच खोलीत होता. एप्रिलच्या दुपारी बऱ्हाणपुरात माणूस कूलर सोडून कुठं जाणार?

तेव्हा त्या शनिवारी लीलाबाई कूलरसमोर बसून मेथी निवडत होत्या आणि रुपाली गाडी पळवत होती. वळण आलं, गाडी सर्रकन फिरली आणि लीलाबाईंचा हात थांबला.

"हे काय फाटून राहिलं गं?"

"काय फाटलं, आई?"

"तुझा पडदा. गाडी वळली की चित्र मधूनच फाटतं. वरचा तुकडा पुढं, खालचा मागं. ते बघ, विजेचा खांब. वर एकीकडे, खाली दुसरीकडे."

रुपालीनं गेम थांबवला. हेडफोन काढला. खुर्ची गर्रकन वळवून तिनं सासूकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी इंग्रजीत भाषण केलं होतं.

"आई, तुम्हाला ते दिसतं?"

"मग? आंधळी हूं का मी?"

"अहो, मी दोन महिन्यांपासून ललितला सांगून राहिले. तो म्हणतो, तुझा भास आहे. माझ्या टीममधल्या तेजस्विनीलाही सांगितलं, ती म्हणाली तुझं इंटरनेट खराब असेल." रुपाली उठून त्यांच्यापाशी जमिनीवरच बसली. "त्याला टेअरिंगच म्हणतात, आई. फाटणंच."

"पण फाटतं कशानं?"

रुपालीला शिकवायची सवय होती. तिनं परातीतली मेथीची एक काडी उचलली. "असं समजा, तुम्ही पोळ्या लाटता आणि मी भाजते. तुमची एखादी पोळी पटकन होते, एखादीला वेळ लागतो. पण मी हट्टी. मी घड्याळाकडे बघूनच पोळपाटावरची उचलणार. तुमची अर्धी लाटून झाली असली तरी उचलणार. मग तव्यावर काय पडेल?"

"अर्धी लाटलेली."

"तसंच. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड चित्रं लाटतं. कधी भरभर, कधी हळू. आणि हा जुना मॉनिटर सेकंदाला साठ वेळा, घड्याळ लावून, जे असेल ते उचलतो. अर्धं नवीन चित्र, अर्धं जुनं. म्हणून मधे फाटतं."

"मग भाजणारीनं थांबावं थोडं. लाटणारीची झाली की घ्यावी."

रुपालीनं टाळीच वाजवली. "आई! तेच तर निघालंय आता. व्हेरिएबल रिफ्रेश रेट, व्हीआरआर. चित्र तयार झालं की मॉनिटर ते घेतो, स्वतःचं घड्याळ चालवत नाही. तसा मॉनिटर घ्यायचा आहे मला. पुढच्या रविवारी आमच्या बायकांच्या लीगची सेमीफायनल आहे, त्याच्या आत."

"मग घे ना."

"दुकानात प्रत्येक डब्यावर तसं लिहिलेलं असतं हो. पण लिहिलेलं आणि असलेलं यात फरक असतो." मग तिनं विचारलं, "तुम्ही चालाल माझ्यासोबत? ललितला तर सगळे सारखेच दिसतात."

लीलाबाई हसल्या. "मला काय कळतं त्यातलं?" म्हणाल्या. पण रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी उद्या नेसायची साडी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो प्रकार झाला तो गल्लीनं बरेच दिवस लक्षात ठेवला. रुपालीचं म्हणणं असं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुकानदार सोयीचा व्हिडिओ दाखवतो. आपल्या कार्डावर, आपल्याच गेममध्ये पाहिलं तर खरं. म्हणजे कॉम्प्युटरचा तो डबा दुकानात न्यायचा. ललित रविवार असूनही कामाला गेलेला. मग डबा चादरीत गुंडाळला, लीलाबाई स्कूटीवर मागे बसल्या आणि रुपालीनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी कवेत धरून त्या निघाल्या. शनवारा चौकापर्यंत दोघांनी तरी विचारलं, "काकू, कोणाचं बाळ?" एका ओळखीच्या बाईनं तर स्कूटी थांबवून चादरीचं टोक उचललं आणि आत पत्रा पाहून ती दचकली. "नातवंड आहे," लीलाबाई गंभीरपणे म्हणाल्या. रुपालीला हसू आवरेना, गाडी डुगडुगायला लागली.

दुकान गौरव नावाच्या तिशीतल्या माणसाचं होतं. बोलका, चटपटीत. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायचा आणि हिंदी बोलता बोलता मराठीत. डबा घेऊन आलेली गिऱ्हाइकं पाहून तो चक्रावला, पण त्यानं लगेच टेबल रिकामं केलं, तारा जोडल्या, दोघींना पाणी दिलं.

"मॅडम, तीन पीस दाखवतो. तिन्हीमध्ये व्हीआरआर आहे. जो पसंत पडेल तो घ्या, जबरदस्ती नाही."

पहिला लहानसा, स्वस्तातला. रुपालीनं मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवली तर चित्र अखंड, पाण्यासारखं. लीलाबाई खूश झाल्या. मग रुपालीनं मुद्दाम गर्दीत गाडी घातली. वीस गाड्या, धूळ, पाऊस. सेकंदाला किती चित्रं होतात ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा खाली खाली गेला, चाळीसवर आला आणि लीलाबाई म्हणाल्या, "फाटलं."

"कुठं, मावशी?" गौरव पुढं वाकला.

लीलाबाईंनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली काढून पडद्याच्या कडेला चिकटवली. "या रेषेत. आणि आता इथं." दुसरी टिकली.

गौरव पाहतच राहिला. रुपालीनं त्याला विचारलं, "याची रेंज अठ्ठेचाळीसच्या वरच आहे ना?"

"हो, ते तर आहे," त्यानं मान्य केलं. "अठ्ठेचाळीसच्या खाली चित्रं आली की मग हा साथ सोडतो. पण मॅडम, इतकं बारीक कोणी पाहत नाही."

"मावशी पाहतात," रुपाली म्हणाली.

दुसरा मॉनिटर आला तेव्हा रुपालीचा चेहरा बदलला. मोठा, धनुष्यासारखा वळलेला, काळा रंग असा काळा की विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं. "हाच चालू आहे मार्केटमध्ये," गौरव म्हणाला. "पूरे शहर में यही मांगते हैं." रुपालीनं तोच मनात धरून ठेवला होता, हे लीलाबाईंना तिच्या बसण्यावरूनच कळलं. मोकळा रस्ता झाला, गर्दी झाली, पाऊस झाला. कुठंही फाटलं नाही. रुपाली हसून म्हणाली, "हाच, आई. ठरलं."

मग गाडी बोगद्यात शिरली.

बोगद्यात अंधार होता आणि त्या अंधारात लीलाबाईंना काहीतरी वेगळं दिसलं. फाटणं नव्हतं ते. काळोख मधूनच उजळायचा, पुन्हा गडद व्हायचा. दिव्याचं व्होल्टेज कमीजास्त व्हावं तसा. त्यांनी डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. रुपालीला काही दिसलं नसावं, ती आनंदात होती. गौरव बिलाचं पुस्तक शोधायला लागला होता.

आपल्यालाच तसं दिसत असेल, लीलाबाईंच्या मनात आलं. शेठ म्हणत होता ते खरंच असेल तर? पोरीचा एवढा जीव जडलाय या वस्तूवर, आणि आपण म्हातारीनं डोळ्यांच्या दोषापायी तिचा हिरमोड करायचा? त्यांनी पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"आई, बोला ना. आवडला नाही?" रुपालीनं विचारलं.

"आवडला गं." बावीस वर्षांत त्यांनी कापडाचं एकही वाईट थान, एकही ताका 'चालेल' म्हणून पुढं सरकवलं नव्हतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, जाऊ द्या ना लीलाबाई, कोण पाहतं. पण त्यांच्यानं होत नसे. आताही झालं नाही. "बेटा, एक वेळ त्या बोगद्यातून पुन्हा जाशील?"

रुपाली पुन्हा गेली. लीलाबाई म्हणाल्या, "हे लुकलुकतंय. अंधारात. फाटत नाही, पण लुकलुकतं."

रुपालीनं डोळे बारीक केले. "मला नाही दिसत, आई."

"मावशी, वो आपके..." गौरव डोळे म्हणणार होता, पण लीलाबाईंचा चेहरा पाहून त्यानं वाक्य गिळलं. "पीस नवीन आहे, मावशी. कसं लुकलुकेल?"

आता मात्र लीलाबाईंनाच खरं-खोटं करायचं होतं. दुकानदारासाठी नाही, स्वतःसाठी. "तुझं ते व्हीआरआर बंद करता येतं का?" त्यांनी गौरवला विचारलं.

"येतं ना. मॉनिटरच्या मागे बटण आहे."

"मग असं कर. मी दाराकडे तोंड करते. तू ते बंद कर नाहीतर चालू ठेव, मला सांगू नको. मग मी पाहते आणि सांगते."

गौरवला गंमत वाटली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही जवळ आली. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला रितेश हातात चहाचा ग्लास घेऊन आला. लीलाबाई रस्त्याकडे पाहत उभ्या राहिल्या. समोरून केळीनं लादलेला ट्रक गेला, तेवढ्यात गौरव म्हणाला, "पहा मावशी."

त्या वळल्या. रुपालीनं गाडी बोगद्यात घातली. "लुकलुकतंय. चालू आहे."

"बरोबर. फिर से."

"आता लुकलुकत नाही. पण बोगद्याच्या तोंडाशी फाटलं. बंद आहे."

"बरोबर!" रितेश ओरडला.

तिसऱ्या वेळी गौरवनं काहीच बदललं नाही, नुसतंच बटणापाशी हात नेला. "तू काही केलंच नाहीस," लीलाबाई म्हणाल्या. चौथ्या वेळी चालू. पाचव्या वेळी चालूच. सहाव्या वेळी बंद. सहाही बरोबर आले तेव्हा बघ्यांपैकी एकानं खिशातून हात काढून चक्क टाळ्या वाजवल्या. आणि लीलाबाईंच्या छातीतून कितीतरी दिवसांचं काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्यांना खूप मोठ्यानं हसावंसं वाटलं. त्यांनी फक्त चष्मा नीट केला.

रुपाली तोवर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन कोपऱ्यातला आकडा बघत होती. "आई, आकडा एकदम खालीवर झाला ना, तेव्हाच होतं. आत्ता दिसलं मला! हो, लुकलुकतं." मग ती खट्टू होऊन हसली. "आता दिसलं म्हणजे रोज दिसणार."

गौरवनं कान खाजवला. "मॅडम, खरं सांगू? या पॅनलमध्ये असं होतं कधी कधी. काळा रंग गडद पाहिजे तर हे सहन करावं लागतं. कोणी इतकं पकडत नाही, म्हणून मी बोलत नाही."

"आता बोलत जा," लीलाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. गौरवनं हात जोडले.

तिसरा मॉनिटर सपाट, साधा. पाहताक्षणी मन जावं असं त्याच्यात काही नव्हतं. काळा रंग थोडा राखाडी वाटत होता, ते गौरवनं या वेळी स्वतःहूनच सांगितलं. आकडा चाळीसच्या खाली गेला तर हा एकच चित्र दोनदा दाखवून ताल सांभाळतो, हेही सांगितलं. रुपालीनं मोकळा रस्ता, गर्दी, पाऊस, बोगदा, सगळं केलं. मग बोगदा पुन्हा केला. सगळे जण पडद्याकडे न पाहता लीलाबाईंकडे पाहत होते. त्यांची नजर पडद्यावर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरली. शेवटी म्हणाल्या, "थान साफ आहे."

त्याचा सीलबंद डबा घेतला. दोन डबे स्कूटीवर मावेनात, तेव्हा रितेशनं आपल्या गाडीतून डबे आणि लीलाबाईंना घरी पोहोचवलं, मागून रुपाली स्कूटीवर.

रुपालीला त्या आठवड्यात शाळेचे निकाल लावायचे होते, म्हणून मॉनिटर जोडायचं काम ललितनं अंगावर घेतलं. बुधवारी जोडला, रंग किती छान आहेत म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली आणि त्यावर क्रिकेटची मॅच पाहिली. रुपालीला गेम लावायला थेट रविवारी दुपारी सवड मिळाली. साडेतीनला. सेमीफायनल चारला.

पहिलंच वळण आलं आणि मागून लीलाबाईंचा आवाज आला. "फाटतंय."

रुपालीलाही दिसलं होतं. तिचा चेहरा उतरला. "असं कसं? दुकानात तर साफ होतं."

"फसवलं त्यानं!" ललित तावातावानं म्हणाला. "डेमोचा पीस एक दाखवतात, डब्यात दुसरंच देतात. आत्ता जाऊन..."

"थांब जरा," लीलाबाई म्हणाल्या. गोदामात कापड वाईट निघालं की शेठ आधी विणणाऱ्यावर ओरडायचा, आणि दहातल्या चार वेळा दोष टेबलाखालच्या ट्यूबचा असायचा. "रुपाली, दुकानात जे जे लावलं होतं ते ते इथं आहे का, ते पहा पहिले."

रुपाली टेबलाखाली शिरली. आतूनच तिचा आवाज आला, "ललित, ही तार कुठली लावलीस?"

"आपली जुनीच. चांगली तर आहे."

"आणि डब्यातली?"

ललितनं डब्याकडे पाहिलं. थर्माकोलच्या खाचेत, प्लास्टिकच्या पिशवीत, नवीन तार जशीच्या तशी पडली होती. त्यानं ती काढली, पिशवी दातांनी फाडली आणि बायकोच्या हातात दिली. पावणेचार झाले होते. तार बदलली. गेम लावला. फाटतंच होतं. रुपालीच्या कपाळावर कूलरसमोरही घाम आला. मग तिला आठवलं, दुकानात गौरवनं मागचं बटण दाबून पडद्यावरच्या यादीत काहीतरी चालू-बंद केलं होतं. तिनं ती यादी उघडली. व्हीआरआर बंद होतं. डब्यातून येतानाच बंद. तिनं ते चालू केलं, कॉम्प्युटरमध्येही एक खूण केली, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला.

वळण. खांब सरळ उभा राहिला, अखंड, वरपासून खालपर्यंत.

"साफ," लीलाबाई म्हणाल्या.

चारला सहा मिनिटं होती. तेजस्विनी जळगावहून हेडफोनमध्ये ओरडत होती, "अगं कुठं आहेस तू?" ललित कोणी न सांगताच लिंबू सरबत करायला गेला.

रेस बारा गाड्यांची होती आणि पहिल्या चौघींना फायनल. रुपाली सातव्या जागेवरून निघाली. लीलाबाईंना नियम कळत नव्हते, पण सुनेच्या खांद्यांवरून त्यांना सगळं कळत होतं. खांदे वर गेले की अडचण, खाली आले की वाट मोकळी. मध्ये एका बाईनं तिला धडक दिली, गाडी गवतात गेली आणि लीलाबाईंच्या तोंडून अशी शिवी निघाली की ललितच्या हातातलं सरबत हिंदकळलं. शेवटच्या फेरीत पाऊस होता आणि बोगदा होता. बोगद्यातून बाहेर पडताना रुपाली पाचवी होती. पुढचीची गाडी ओल्या रस्त्यावर किंचित बाहेर सरकली, अगदी हातभर. तेवढ्या फटीतून रुपाली आत घुसली.

चौथी आली. तेजस्विनी दुसरी. रुपालीनं हेडफोन फेकला आणि सासूला मिठी मारली. ललित बाहेर गेला तो मिठाईच्या दुकानातून अर्धा किलो दराबा घेऊनच आला, आणि त्यानं पहिला घास आईला भरवला. तारेचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोघींनी भरपूर काढला.

फायनलला रुपाली नववी आली. फार वाईट वाटून घेतलं नाही तिनं, पुढच्या वर्षी पाहू म्हणाली.

मे महिन्यात गौरवचा फोन आला. रुपालीला वाटलं काही बिलाचं असेल. पण तो म्हणाला, "मॅडम, मावशींना द्या जरा." त्याला एका गेमिंग कॅफेची ऑर्डर मिळाली होती. तीस मॉनिटर. मागच्या ऑर्डरीतले सात परत आले होते, कुठं ठिपका मेलेला, कुठं अंधारात लुकलुक. या वेळी देण्याआधी कोणीतरी एकेक तपासून द्यावा, असं त्याला वाटत होतं. "मावशी, तुम्ही याल का? रोजचे चार तास. गाडी पाठवतो मी."

"गाडी कशाला? रिक्षानं येईन," लीलाबाई म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे. मी वाईट म्हटलं तर ते वाईट. मग चालेल-बिलेल करायचं नाही."

"मंजूर, मावशी."

सोमवारी त्या दहाच्या ठोक्याला दुकानात पोहोचल्या. डोक्यावरची ट्यूब पडद्यात दिसत होती, ती त्यांनी आधी बंद करायला लावली. मग खुर्ची पुढं ओढून घेतली आणि म्हणाल्या, "हं, आण पहिला."

दुपारपर्यंत त्यांनी अकरा पाहिले आणि दोन बाजूला काढले. गौरव त्या दोनांतल्या एकाकडे बराच वेळ वाकून बघत बसला. त्याला काही दिसेना. "मावशी, याच्यात काय आहे हो?"

"डावीकडे खाली. सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. नाही दिसत?"

"नाही."

"दिसेल," लीलाबाई म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची सरकवून त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली. "घाई नको करू. एका जागी बघत राहायचं नाही, नजर फिरती ठेवायची. बस इथं, दाखवते."